मी पोस्ट करणं बंद केलंय, माझं काही बिनसलंय का?

पत्र थोडक्यात: लिहिणाऱ्या ताई 41 वर्षांच्या आहेत. कॉलेज संपता संपता ऑर्कुटवर आल्या, मग फेसबुक, मग इन्स्टाग्राम. एकेकाळी रोज काहीतरी टाकायच्या, वाचलेलं पुस्तक, मनात आलेला विचार, मुलीचे फोटो, आणि लोकांच्या पोस्टखाली तासन्‌तास गप्पा. आता दोनेक वर्षं काहीच टाकलेलं नाही. लिहायला घेतात आणि पोस्ट न करताच पुसून टाकतात, म्हणतात सांगण्यासारखं काही राहिलंच नाही. रात्री मात्र तासभर रील्स बघतात आणि नंतर काय पाहिलं ते आठवत नाही. जुन्या पोस्ट 'आठवणी' म्हणून समोर आल्या की लाज वाटते. नवरा अजून तितक्याच उत्साहाने सगळं टाकतो आणि विचारतो, "तुला झालंय काय?" 15 वर्षांच्या मुलीच्या अकाउंटवर एकही फोटो नाही, आणि ती म्हणते माझे लहानपणचे फोटो काढून टाक. शिवाय मध्यंतरी एका जवळच्या मैत्रिणीचे वडील गेल्याचं ताईंना चार महिन्यांनी कळलं. मैत्रिणीने पोस्ट टाकली होती, यांना ती दिसलीच नाही. ती म्हणाली, "मला वाटलं तू वाचलंस आणि गप्प बसलीस." तेव्हापासून दोघींचं बोलणं तुटक झालंय. ताई विचारतात, मी माणूसघाणी झालेय का? परत जबरदस्तीने पोस्ट करायला लागू की सगळी अकाउंटं बंद करून टाकू?

ताई,

पोस्ट करू की अकाउंट बंद करू हा तुमचा प्रश्न मी थोडा वेळ बाजूला ठेवतेय, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त दुखतंय ते तिथे नाहीच, ते मैत्रिणीच्या प्रसंगात आहे. तो तुम्ही दोन-चार ओळींत उरकलात आणि लगेच "मी माणूसघाणी झालेय का" वर आलात. म्हणजे जे घडलं त्याचा सगळा दोष तुम्ही परस्पर स्वतःच्या स्वभावावर टाकून मोकळ्या झालात. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

तुम्ही ऑर्कुटवर होतात म्हणजे तुम्हाला आठवत असेल, तिथे कोणाचं काय चाललंय हे बघायचं तर बहुतेक वेळा त्या माणसाच्या प्रोफाइलवर जायचं, स्क्रॅपबुकात चार ओळी लिहायच्या आणि उत्तराची वाट बघायची. सप्टेंबर 2006 मध्ये फेसबुकने न्यूज फीड आणलं आणि मित्रांचं सगळं आपोआप आपल्यासमोर येऊन पडायला लागलं. तेव्हा लाखो लोकांनी त्याविरुद्ध ओरड केली होती, आमच्या बारीकसारीक गोष्टी अशा सगळ्यांसमोर का मांडताय म्हणून. मग त्याचीच इतकी सवय झाली की एखाद्याला एखादी गोष्ट मुद्दाम कळवायची असते हेच आपण हळूहळू विसरलो. पोस्ट टाकली म्हणजे सगळ्यांना कळलं, असं धरून चालायला लागलो आणि काही वर्षं ते बऱ्यापैकी खरंही होतं.

आता ते खरं राहिलेलं नाही. इन्स्टाग्रामने पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवणं 2016 मध्ये बंद करायला घेतलं, फेसबुकवर तर त्याच्याही कितीतरी आधीपासून वर काय येणार आणि खाली काय दबणार हे अल्गोरिदमच, म्हणजे ॲपमधली आपोआप निवड करणारी यंत्रणाच, ठरवतंय. मग 2020 मध्ये रील्स आल्या आणि ओळखीच्या माणसांच्या जागी अनोळखी माणसं दिसायला लागली. 2025 मध्ये अमेरिकेत फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक मेटा कंपनीवर मक्तेदारीचा खटला चालला तेव्हा कंपनीने स्वतःच कोर्टात आकडे मांडले, की लोक फेसबुकवर जो वेळ घालवतात त्यातला फक्त 17 टक्के वेळ मित्रांनी टाकलेलं बघण्यात जातो आणि इन्स्टाग्रामवर फक्त 7 टक्के, त्याच्या दोन वर्षं आधी हेच आकडे 22 आणि 11 होते. मला ते वाचून खरंच वाईट वाटलं, कारण अजूनही कितीतरी माणसं आपल्या घरातली सगळ्यात मोठी बातमी, जन्माची असो की मृत्यूची, तिथे टाकतात आणि समजतात की पोचली.

तुमच्या मैत्रिणीने तेच केलं. आणि तुम्हीही तेच समजत होतात, की काही मोठं घडलं असतं तर दिसलं असतं ना. दोघी एकाच निरोप्यावर विसंबून होतात आणि त्या निरोप्याने मधल्या मधे काम सोडलेलं होतं. यात तिची चूक नाही आणि तुम्ही निष्ठुरही झालेला नाहीत.

पण तिला लागलंय ते खरंच लागलंय, त्यामुळे हे सगळं तिला समजावत बसू नका. फोन करा, मेसेज नको. पोस्ट दिसली नव्हती हे एका वाक्यात सांगा आणि तिथेच थांबा, फार तर एवढं म्हणा की "मला कळायला हवं होतं, मी तुला विचारायला हवं होतं." मग वडिलांबद्दल विचारा. शेवटचे दिवस कसे होते, आई कशी आहे, घरात आता कसं चाललंय. चार महिने उशीर झाला म्हणून संकोच वाटेल, पण ज्यांच्या घरी माणूस गेलंय त्यांना विचारा, पहिल्या पंधरवड्यात माणसांची कमी नसते, कमी नंतर भासते, जेव्हा बाकी सगळे आपापल्या कामाला लागलेले असतात आणि आपण अजून त्याच जागी असतो. तुम्ही आज फोन केलात तर तो त्या रिकाम्या दिवसांतला फोन असेल. ती लगेच मोकळी होईल असं नाही, पहिल्यांदा दोन मिनिटांत ठेवूनही देईल, तरी आठवडाभराने परत करा.

आता तुमच्या गप्प होण्याकडे येते.

तुम्ही असं गृहीत धरलंय की रोज पोस्ट करणारी ती खरी मी आणि आताची ही काहीतरी बिघडलेली मी. पण जरा आकड्यांकडे बघा. वेबसाइट लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी 2006 मध्येच एक ढोबळ हिशोब मांडला होता, की ऑनलाइन जिथे जिथे लोक जमतात तिथे साधारण 90 टक्के फक्त वाचतात, 9 टक्के अधूनमधून बोलतात आणि 1 टक्का माणसं बहुतेक सगळं लिहितात. हा अगदी काटेकोर नियम नाही, पण गप्प राहणारे कायमच जास्त होते आणि रोज लिहिणाऱ्या तुम्ही तेव्हा अपवाद होतात हे त्यातून दिसतं. आज तुम्ही बहुसंख्यांच्यात आलात एवढंच. आणि जे अजून बोलतात त्यांचीही जागा बदललीय. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी 2023 मध्ये म्हणाले होते की लहान वयाची मुलं फीडपेक्षा स्टोरीजमध्ये जास्त वेळ घालवतात आणि स्टोरीजपेक्षाही डीएममध्ये, म्हणजे खाजगी मेसेजमध्ये, जास्त. म्हणजे तुमच्या मुलीच्या अकाउंटवर एकही फोटो नाही याचा अर्थ तिला मित्रमैत्रिणी नाहीत किंवा ती काही लपवतेय असा काढू नका, तिच्या गप्पा बहुधा आतल्या खोलीत चालल्यात, बाहेरच्या अंगणात ती येतच नाही.

मग तुम्ही लिहिता आणि पुसता ते का? मला वाटतं त्याचं कारण तुमच्या फेसबुकच्या मित्रयादीत आहे, एकदा उघडून बघा ना. 2009 मध्ये तिथे कोण होतं? कॉलेजची माणसं, दोन-चार चुलतमावस भावंडं, ज्यांना तुमचा तिरकस विनोदही कळायचा आणि तुमचं रडणंही. आज तिथे ऑफिसातले वरिष्ठ आहेत, सासरची मंडळी आहेत, मुलीच्या शाळेतल्या पालकांचा ग्रुप आहे, एका लग्नात दहा मिनिटं भेटलेली कोणीतरी आहे, आणि शिवाय शब्दाला शब्द भिडवायला टपलेली अनोळखी माणसं. अॅलिस मार्विक आणि डेना बॉइड या संशोधक जोडीने 2010 च्या सुमारास नेमकं हेच टिपलं होतं, की एरवी आपण आईशी एक बोलतो, मित्राशी दुसरं, साहेबाशी तिसरं, आणि सोशल मीडियावर हे सगळे एकाच वेळी एकाच ठिकाणी ऐकत बसलेले असतात. सगळ्यांना चालेल असं वाक्य शोधायला गेलं की हातात काही उरतच नाही, मग माणूस पुसतो. तुमच्याकडे सांगण्यासारखं काही राहिलं नाही असं तुम्ही लिहिलंय, पण मग पुसायला तरी काय असतं? म्हणजे सांगण्यासारखं येतंय, ते ऐकायला बसलेली माणसं बदललीत.

म्हणून परत जबरदस्तीने पोस्ट करू नका. रोज एक पोस्ट टाकायची, तीस दिवस टाकायची वगैरे जी आव्हानं लोक घेतात त्यातून तुम्हाला फक्त आणखी एक काम मिळेल. त्याऐवजी एवढंच करून बघा, पुढच्या वेळी लिहून पुसायची वेळ आली की थांबा आणि स्वतःला विचारा, हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कोण होतं? कोणीतरी असतंच. एखादी मैत्रीण, बहीण, जुना सहकारी, ज्याला हे वाचून हसू आलं असतं. तोच मजकूर कॉपी करा आणि त्या एकाच माणसाला पाठवा. जसाच्या तसा, नीटनेटका न करता. दोन-तीन माणसं असतील तर इन्स्टाग्रामवर 'क्लोज फ्रेंड्स' ची यादी 2018 पासून आहे, ती वापरा, किंवा एक छोटा ग्रुप करा ज्यात सकाळचे शुभेच्छासंदेश येत नाहीत.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते सांगते, आणि हे फक्त तुमच्यासाठी नाही, तुमच्यासारखी पत्रं मला बरीच येतात, थोड्याफार फरकाने. पोस्ट करायची सवय गेली त्याबरोबर एक काम बिनबोभाट थांबलं, जे ती सवय आपल्या नकळत करत होती. वर्षातून एकदाही भेट होत नाही अशा पन्नास-शंभर माणसांशी तुमचा धागा ती टिकवून ठेवत होती. तुमच्या मुलीचे पुढचे दात पडले हे त्यांना माहीत असायचं, त्यांनी नोकरी बदलली हे तुम्हाला, आणि त्यासाठी कोणी कोणाला वेगळा फोन करत नव्हतं. आता ते होत नाही आणि त्या जागी दुसरं काहीच आलेलं नाही. तुम्हाला जी पोकळी जाणवतेय, जिला तुम्ही माणूसघाणेपणा म्हणताय, ती बहुधा ही आहे. माणसं तुम्हाला नकोशी झाली असती तर मैत्रिणीच्या वडिलांवरून तुमची झोप उडाली नसती.

हे काम परत सुरू करायचं तर ते हाताने करावं लागेल, दुसरा उपाय मला दिसत नाही. कसं, ते सांगते. फोन बाजूला ठेवून कागदावर नावं लिहा, यादी न बघता, आपसूक आठवतील ती. या माणसाच्या घरी काही चांगलं-वाईट झालं तर ते मला चार महिन्यांनी कळलेलं चालणार नाही, अशी नावं. दहा निघतील, पंधरा निघतील, कितीही निघोत. त्यातल्या प्रत्येकाचा नंबर तुमच्याकडे आहे का ते बघा, कितीतरी जणांचा नसेल, कारण इतकी वर्षं ॲप होतं म्हणून कधी लागलाच नाही. तो मागून घ्या. मग आठवड्याला एकाला, जमेल तसं, काहीतरी पाठवा. नुसतं "हाय, कशी आहेस" नको, त्याला उत्तर देणं फार अवघड असतं, माणूस "मस्त, तू?" म्हणतो आणि गाडी तिथेच अडते. काहीतरी नेमकं पाठवा. आज अमुक गाणं लागलं आणि हॉस्टेलची ती गच्ची आठवली. तुझ्या मुलाची परीक्षा होती ना, कशी गेली? मला ती भाजणीची… असं काहीही, फक्त तिचं आणि तुमचं दोघींचं असलेलं. तिने उत्तर दिलं तर उत्तम, नाही दिलं तर हिशोब ठेवू नका.

तुम्ही म्हणाल इतक्या वर्षांनी अचानक मेसेज केला तर लोकांना विचित्र वाटेल, काहीतरी काम असेल असं वाटेल. हे जवळपास सगळ्यांना वाटतं. पेगी लिऊ या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये हजारो लोकांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष छापले, त्यात हेच दिसलं की आपण असा संपर्क साधला तर समोरच्याला किती बरं वाटेल याचा अंदाज आपण सतत कमी लावतो, आणि संपर्क जितका अनपेक्षित तितकं समोरच्याला जास्त बरं वाटतं. तेव्हा तो संकोच खरा आहे पण त्याचा अंदाज चुकीचा आहे, असं समजून पाठवून टाका.

याची उलटी बाजूही आहे. उद्या तुमच्या घरी काही मोठं घडलं तर कागदावरच्या त्या माणसांना तुम्ही स्वतः कळवा किंवा घरातल्या कोणाला तरी कळवायला सांगा, आणि पोस्ट टाकायची तर त्यानंतर टाका. अमुक जणाने माझ्या पोस्टवर काहीच लिहिलं नाही म्हणून मनात अढी धरून बसलेले जे कोणी हे वाचत असतील त्यांनाही माझं हेच सांगणं आहे, एकदा विचारून बघा, तुला दिसली होती का. बऱ्याचदा उत्तर नाही असं येतं.

आणि मधल्या काळात फीड अगदीच सोडायचं नसेल तर इन्स्टाग्राम उघडल्यावर वर दिसणाऱ्या 'Instagram' या नावावर किंवा मेन्यूत 'फॉलोइंग' आणि 'फेव्हरेट्स' असे पर्याय 2022 पासून आहेत, त्यात तुम्ही निवडलेली माणसं वेळेच्या क्रमाने दिसतात. फेसबुकवरही फक्त मित्रांच्या पोस्ट बघायची वेगळी जागा आहे. पण हे दर वेळी आपण मुद्दाम उघडावं लागतं, ॲप स्वतःहून तिथे नेत नाही.

रील्सबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तुम्ही स्वतःला त्यावरून फार बोललाय. खाली सरकवत राहिलं की कधी संपतच नाही ही रचना 2006 मध्ये अझा रॅस्किन नावाच्या डिझायनरने केली आणि पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केलाय. पूर्वी पान संपायचं, पुढच्या पानावर क्लिक करावं लागायचं, तेवढ्यात माणूस भानावर यायचा. ती जागाच काढून टाकलीय, त्यामुळे तुमच्या इच्छाशक्तीची परीक्षा रोज रात्री अकराला, थकलेल्या अवस्थेत होते, आणि त्यात नापास होण्यात लाजण्यासारखं काही नाही. नुसतं बघणं हे विषच आहे असं काही लोक सांगतात, तसंही नाही, अलीकडच्या संशोधनांचे आढावे बघितले तर नुसतं बघणारे सगळे दुःखी आणि पोस्ट करणारे सगळे सुखी असं चित्र दिसत नाही. काही रील्स खरंच छान असतात, त्या बघून हसा की. तुमची खूण वेगळी आहे, तुम्हीच ती लिहिलीय, की तासाभराने काय पाहिलं ते आठवत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या 2018 च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी तीन आठवडे प्रत्येक ॲप दिवसाला 10 मिनिटं एवढंच वापरलं तर त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाल्याचं दिसलं. पूर्ण सोडायची गरज पडली नाही. तुम्ही फोन चार्जिंगला झोपायच्या खोलीबाहेर लावा, इतकं जरी केलंत तरी रात्रीचा तास बराचसा सुटेल.

जुन्या पोस्टची लाज. ताई, त्या पोस्ट पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलीने लिहिल्यात, तिच्या तेव्हाच्या मैत्रिणींसाठी, आणि तुम्ही त्या आज 41 व्या वर्षी, साहेब आणि सासू वाचतायत अशा नजरेने वाचताय. लाज वाटणारच. पण त्या लाजेच्या भरात रात्री बसून सगळं डिलीट करू नका एवढी कळकळीने विनंती करते, कारण तिथे नुसत्या तुमच्या पोस्ट नाहीत, खाली लोकांच्या कमेंट्स आहेत, आणि इतक्या वर्षांत त्यातली काही माणसं गेलेलीही असतील. त्यांनी तुम्हाला लिहिलेलं दुसरीकडे कुठेच नाही. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं, आधी सांगून, डाउनलोड करायला मुदत देऊन, तरी कितीतरी लोकांनी ते केलं नाही आणि मित्रांनी लिहिलेले टेस्टिमोनियल्स कायमचे गेले. म्हणून आधी सेटिंगमध्ये जाऊन तुमच्या सगळ्या माहितीची प्रत उतरवून घ्या, फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हींवर ती सोय आहे, फाइल तयार व्हायला कधी काही तास तर कधी दिवस लागतात. ती घरच्या कॉम्प्युटरवर किंवा हार्ड डिस्कवर ठेवा, उघडून बघा की खरंच उघडतेय. मग फेसबुकवर एका झटक्यात सगळ्या जुन्या पोस्ट फक्त मित्रांपुरत्या करायचा पर्याय आहे तो वापरा, आणि ज्या अगदीच नकोशा वाटतात त्या अर्काइव्ह करा, म्हणजे तुम्हाला दिसतील, बाकी कोणाला नाही. काही महिन्यांनी परत चाळा. तेव्हाही डिलीट करावंसं वाटलं तर खुशाल करा, तुमचंच लिखाण आहे.

नवऱ्याबद्दल माझं फार काही म्हणणं नाही. त्यांना अजून मजा येते, त्यांना टाकू दे. त्यांच्या "तुला झालंय काय" मध्ये मला टोमणा कमी आणि काळजी जास्त दिसते, इतकी वर्षं बायकोच्या मनात काय चाललंय हे त्यांनाही थोडंफार तुमच्या पोस्टवरूनच कळत असणार. त्यांना सांगा की मी ठीक आहे, आणि जे लिहून पुसते त्यातलं एखादं त्यांनाही ऐकवा.

मात्र एक गोष्ट तुम्ही स्वतः प्रामाणिकपणे तपासा. गप्प होणं फक्त स्क्रीनवरचं आहे की बाहेरचंही? प्रत्यक्ष भेटायला बोलावलं तरी टाळताय का, आवडायचं ते सगळंच नकोसं झालंय का, झोप, भूक, कामात लक्ष, हे कित्येक आठवडे बिघडलंय का? तसं असेल तर हा सोशल मीडियाच्या सवयींचा प्रश्न नाही आणि माझ्या उत्तराने भागणार नाही, डॉक्टरांशी किंवा समुपदेशकांशी बोला आणि लवकर बोला. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही, पण पत्रात सगळं येत नसतं.

अकाउंटं बंद करायची की नाही याचा निर्णय वर्षभर पुढे ढकला. आज बंद केलंत तर ज्यांचे नंबर तुमच्याकडे नाहीत ती माणसंही जातील. कागदावरच्या यादीतल्या सगळ्यांपर्यंत दुसरी वाट तयार झाली की मग बंद करायला हरकत नाही, आणि तेव्हाही आधी तात्पुरतं डीॲक्टिव्हेट करून बघा, कायमचं डिलीट केल्यावर परत फिरायला साधारण 30 दिवसच मिळतात.

राहिली मुलगी, आणि इथे मी तुमच्यापुढे दोन बाजू ठेवत नाही. ती म्हणतेय ते करा. फोटो तुम्ही काढलेत, प्रेमाने टाकलेत, त्या वेळी सगळेच टाकत होते आणि तिला विचारायचं वयही नव्हतं, त्यासाठी स्वतःला बोल लावू नका. पण चेहरा तिचा आहे, आणि आता ती स्वतः सांगू शकतेय. का काढायचे हे तिला पटवून द्यायला लावू नका, वर्गात कोणी काही बोललं असेल, नसेल, तिने सांगितलं तर ऐका. माहितीची प्रत उतरवून झाली असेल तर तुमच्याकडचा एकही फोटो हरवणार नाही, तेव्हा एखादी मोकळी दुपार बघून दोघी शेजारी बसा, ती म्हणेल तो काढायचा, ती म्हणेल तो ठेवायचा, आणि मध्येच एखाद्या फोटोपाशी थांबून "हा कुठला गं?" असं ती विचारेल तेव्हा घाई करू नका. बाबांनाही त्यांचा फोन घेऊन तिथेच बसवा, कारण त्यांच्या अकाउंटवर तिचे तुमच्यापेक्षा जास्त फोटो असणार, आणि आजी-आत्यांनी शेअर केलेले असतील तर त्यांना ते काढायला सांगायचं काम मुलीवर न टाकता तुम्ही दोघांनी करा.